मातोश्रींची झोंप आणि मफलराचें गणित

मफलर म्हटला म्हणजे आमच्या पिढीच्या माणसाच्या डोळ्यांपुढें पौषांतली पहांट, गळ्याभोंवतीं गुंडाळलेलें लोकरी वस्त्र आणि फिरावयास जाण्याची काठी हींच उभीं राहतात. म्हणून गेल्या माघांत आमच्या धाकट्या बंधूंचे चिरंजीव रात्रीं पानावर बसल्यावर सहज म्हणाले, "काका, सध्यां माझें एका मफलरचें गणित चाललें आहे," तेव्हां त्यांच्या काकूनें "किती टांके घालायचे तें मला विचार कीं!" असें म्हणून सर्व पंगतीला हंसविलें.

हंसून झाल्यावर उलगडा झाला तो असा. एंजिनाच्या धुराच्या नळीवर जो डबा बसवितात व ज्यास आपण सायलेन्सर म्हणतों, त्यासच अमेरिकेंत मफलर म्हणतात. चिरंजीव यंत्रशास्त्राची पदवी घेऊन असेच डबे बनविणाऱ्या शहराबाहेरील एका लहान कारखान्यांत नुकतेच लागले आहेत. लोखंडी पत्रा कापण्यापूर्वीं डबा संगणकांत उभा करावयाचा, त्यांतून किती आवाज बाहेर पडेल तें आधीं गणितानें काढावयाचें, आणि मगच कात्री हातीं घ्यावयाची, हें त्यांचें काम.

हा विषय आम्ही या सदरांत घेतों तो केवळ कुतूहलापोटीं नव्हे. आमच्या परसाच्या भिंतीपलीकडे एक मंगल कार्यालय आहे. लग्नसराईंत वीज गेली कीं त्यांचें डिझेलवर चालणारें जनरेटर सुरू होतें आणि भिंतीअलीकडच्या खोलींत आमच्या मातोश्री निजतात. त्यांचें वय अठ्ठ्याऐंशी. कार्यालयाची मंडळी सज्जन. आम्हीं एकदां जाऊन सांगतांच त्यांनीं जनरेटरावर पेटी बसविली आणि आंत लोकरीसारखा तंतु ठासून भरलेला नवा सायलेन्सर लावला. फटफटाट थांबला. मीटर आणून आवाज मोजला, तो नियमांत बसला. घरांतील मुलें अभ्यासाला बसूं लागलीं. सर्वांना सुख झालें, एक मातोश्रींखेरीज. त्या रोज सकाळीं म्हणत, "कानाला फारसं येत नाहीं रे, पण छातींत घुमत राहतं. डोळा लागत नाहीं." ज्यांना हांक मारलेली ऐकूं येत नाहीं त्यांना भिंतीपलीकडचें एंजिन कसें ऐकूं येणार, असा तर्क आम्हीं केला आणि तो त्यांच्या वयाच्या खातीं टाकून मोकळे झालों. हें लिहितांना आम्हांस लाज वाटते, पण घडलें तें असें.

चिरंजीवांनीं मात्र आजीचें बोलणें गंभीरपणें घेतलें. त्यांनीं सांगितलें तें असें. म्हातारपणीं कान मंदावतात ते सर्व स्वरांस सारखेच नव्हेत; आधीं उंच स्वर जातात, खर्ज बहुधा शेवटपर्यंत राहतो. आतां हें एंजिन पाहा. त्याला चार सिलिंडर. मिनिटास १५०० फेरे घेतें, आणि प्रत्येक सिलिंडरांत दोन फेऱ्यांस एक स्फोट होतो. म्हणजे चोहोंचे मिळून मिनिटास ३००० आणि सेकंदास ५० स्फोट. म्हणून त्याचा मूळ स्वर सेकंदास ५० कंपनांचा, अगदीं खर्जांतला, आणि त्यावर १००, १५०, २०० असे त्याच्या पटींतले स्वर. तंतु भरलेला सायलेन्सर उंच स्वर शोषून घेण्यांत वाकबगार असतो, परंतु खर्जाची लहर लांबलचक. बाहेरच्या हवेंत ५० कंपनांच्या लहरीची लांबी सुमारें सात मीटर भरते. चार बोटें जाडीच्या लोकरीला ती कसली जुमानणार? ती होती तशीच बाहेर येते.

मग मीटरनें तें कां दाखविलें नाहीं? त्याचें उत्तर ऐकून आम्ही चकित झालों. आवाजाचे नियम ज्या 'ए' मापानें लिहिलेले असतात, तें माप मनुष्याच्या कानाची नक्कल करतें. हलका खर्ज निरोगी कानाला कमी जाणवतो, म्हणून ५० कंपनांच्या स्वरांतून तें सुमारें ३० डेसिबल वजा करूनच आंकडा दाखवितें. भारत सरकारच्या २००० सालच्या ध्वनिप्रदूषणाच्या नियमांत वस्तीसाठीं दिवसा ५५ व रात्रीं ४५ डेसिबल ही मर्यादा आहे तीहि याच मापाची. मीटर खोटें बोलत नव्हतें आणि मातोश्रीहि खोटें बोलत नव्हत्या. जेथें मीटर जाणूनबुजून कानाडोळा करतें, नेमक्या तेथेंच त्यांना ऐकूं येत होतें.

आतां खर्ज थांबवावयाचा कसा? नळीला बोळा कोंबून थांबवावा, तर एंजिनाचा श्वास कोंडतो, डिझेल अधिक जळतें व यंत्र तापतें. आवाज थांबला पाहिजे पण धूर थांबतां कामा नये, ही या विद्येची मेख आहे. येथें आमच्या जुन्या अभ्यासाचा एक दृष्टांत उपयोगी पडला. नैयायिकांनीं शब्द हा आकाशाचा गुण मानिला. आजचें शास्त्र त्यास हवेच्या दाबाचें कंपन मानतें. हीं दोन मतें जुळत नाहींत व तीं ओढून जुळवूंहि नयेत. परंतु शब्द पसरतो कसा हें सांगतांना त्यांनीं जो वीचीतरंगन्याय योजिला, म्हणजे एका लाटेनें दुसरी उठवावी व दुसरीनें तिसरी, तो येथें चपखल बसतो. धूर वाहतो तो पाण्यासारखा. आवाज जातो तो लाटेसारखा. दोघांची वाट एक असली तरी चाल निराळी आहे, आणि या भेदाचाच फायदा घ्यावयाचा.

अरुंद पाटांतून चाललेली लाट एकदम रुंद हौदांत शिरली कीं तिचा कांहीं भाग मागें परततो. हौदांतून पुन्हां अरुंद पाटांत शिरतांना आणखी कांहीं परततो. पाणी मात्र जातच राहतें. साध्या मफलरांत हेंच असतें. नळी सहा सेंटिमीटर व्यासाची, मध्यें चोवीस सेंटिमीटर व्यासाचें पिंप, पुढें पुन्हां सहाची नळी. व्यास चौपट, म्हणून तोंडाचें क्षेत्रफळ सोळापट. पिंपाची लांबी लहरीच्या लांबीच्या चतुर्थांश असेल तर परतलेल्या लाटा एकमेकींस अशा भिडतात कीं आवाजाच्या शक्तीचा जेमतेम चौसष्टावा भाग पलीकडे जातो. डेसिबलच्या भाषेंत १८ ची घट. तीच लांबी लहरीच्या निम्मी झाली कीं पिंप असून नसल्यासारखें, सारा आवाज आरपार! म्हणजे कांहीं स्वरांना भिंत आणि कांहींना उघडें दार. हें सूत्र लहानच आहे. सोळा हा आंकडा, पिंपाची लांबी आणि ज्या-कोष्टक एवढ्यावर तें कागदावर सुटतें.

या विद्येची परंपरा मोठी मनोरंजक आहे. लॉर्ड रॅले या इंग्रज शास्त्रज्ञांनीं ध्वनीवरील आपला दोन खंडांचा ग्रंथ १८७७-७८ सालीं प्रसिद्ध करून पाया घातला. मशीनगन काढणाऱ्या हायरम मॅक्सिमच्या मुलानें १९०९ सालीं अमेरिकेंत बंदुकीचा आवाज दाबणाऱ्या नळीचें पेटंट घेतलें आणि पुढें तीच विद्या एंजिनांच्या धुराड्यांस लावली. बापानें जगांत जो गोंगाट वाढविला तो मुलानें थोडासा उणा केला म्हणावयाचा! पुढें १९५४ सालीं अमेरिकन सरकारच्या विमानसंशोधन संस्थेंतील चौघांनीं ७७ निरनिराळे मफलर प्रत्यक्ष मोजून सूत्रें व मापें शेजारीं शेजारीं मांडलीं. आपल्याकडे बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेंतील प्राध्यापक मुंजाळ यांचा नळ्या व मफलर यांच्या ध्वनीवरील इंग्रजी ग्रंथ १९८७ सालीं निघाला, आणि या विषयांत तो आजहि प्रमाण मानला जातो.

सूत्र इतकें सोपें आहे तर संगणक कशाला? कारण तें सूत्र असें धरून चालतें कीं लाट पिंपांत सरळ, सपाट, पडद्यासारखी पुढें सरकते. पिंप रुंद आणि स्वर उंच असला, अथवा नळी मध्यावर न बसतां कडेला बसविली, कीं लाट आडवीतिडवी फांकते. नळी पिंपांत खोलवर नेली, तिला भोंकें पाडलीं, आंत पडदे घातले, कीं सूत्र आपलें हात टेंकतें. तेथें 'सान्त-अवयव' पद्धति कामाला येते. इंग्रजींत तिला फायनाइट एलिमेंट म्हणतात. तिचें तत्त्व आमच्या घरच्या मुलींना आमच्याआधीं कळलें, कारण तें रांगोळीचें तत्त्व आहे. मोठें वर्तुळ हातानें काढवत नाहीं. पण ठिपके मांडून लहान लहान सरळ रेघांनीं ते जोडले कीं वर्तुळाचा भास होतो. ठिपके विरळ असले कीं आकृति ओबडधोबड, दाट असले कीं गोलाई येते. भास्कराचार्यांनीं लीलावतींत वर्तुळांत बसणाऱ्या त्रिकोणापासून नवकोनापर्यंतच्या आकृतींच्या भुजा दिल्या आहेत. भुजा वाढत जातात तशी आकृति वर्तुळाला अधिकाधिक चिकटते. सान्त-अवयव पद्धति त्यांस ठाऊक होती असें मात्र कोणीं म्हणूं नये. तुकड्यांनीं अखंडाला गांठण्याची बुद्धि जुनी आहे, एवढेंच आमचें म्हणणें.

संगणकांत पिंपांतल्या सर्व हवेचे असेच बारीक चौमुखी तुकडे पाडतात. एका तुकड्यांत दाब अगदीं साध्या रीतीनें बदलतो असें धरतात, शेजारच्या तुकड्याशीं ठिपक्या-ठिपक्यावर त्याचें जुळवितात, आणि प्रत्येक ठिपक्याचें एक समीकरण मांडतात. अशीं हजारों समीकरणें एकदम सोडवावयाचीं, आणि तींहि प्रत्येक स्वरासाठीं पुन्हां नव्यानें. माणसाला जन्म पुरणार नाहीं, संगणकाला कांहीं मिनिटें पुरतात. कूरां नांवाच्या गणितज्ञानें १९४३ सालीं या विचाराचें बीज मांडलें, क्लफ यांनीं १९६० सालीं त्यास आजचें नांव दिलें, आणि विमानांच्या सांगाड्यांवर नांवारूपास आलेली ही रीत यंग व क्रॉकर या दोघांनीं १९७५ सालीं मफलरांस लावून दाखविली. आज यासाठीं महागडीं सॉफ्टवेअरें मिळतात तशीं फुकटहि मिळतात. फिनलंडमधील एका सरकारी गणनकेंद्राचें 'एल्मर' हें त्यांपैकींच एक.

एवढी पूर्वपीठिका झाल्यावर मूळ हकीकतीकडे वळूं. चिरंजीवांनीं सायंकाळीं माजघरांत आपला संगणक उघडला व आम्हांस बोलाविलें. पडद्यावर मीटरभर लांबीचें पिंप उभें होतें आणि त्यांतील हवा तांबड्या-निळ्या रंगांनीं नटली होती. तांबडें तेथें दाब अधिक, निळें तेथें उणा. चित्र इतकें देखणें कीं शंका घेण्यास जीभ धजेना. "काका, आजीच्या पन्नास कंपनांच्या स्वरांत सोळा डेसिबलची घट. झालें काम!"

आम्ही जातीचे शिक्षक. उत्तर कितीहि सुंदर अक्षरांत लिहिलेलें असलें तरी रीत पाहिल्यावांचून गुण देण्याची आम्हांस संवय नाहीं. आम्हीं विचारलें, "अरे, या पिंपांतली हवा कोणती धरलीस?"

"हवा म्हणजे हवा, काका. संगणक आपणच धरतो."

"आपणच धरतो ती थंड कीं गरम?"

चिरंजीव स्तब्ध झाले. त्यांनीं दोन-तीन कळा दाबल्या. कांहींच सांगितलें नाहीं तर तें सॉफ्टवेअर हवा २० अंशांची धरून चालतें असें निघालें. पण एंजिनाचा धूर तो! मफलरांत त्याची उष्णता ४०० अंश धरणें रास्त, असें त्यांच्याच कारखान्याच्या टिपणांत लिहिलेलें होतें. उष्ण हवेंत आवाज अधिक वेगानें धांवतो, हें आम्ही शाळकरी पुस्तकांतच शिकलेलों. २० अंशांच्या हवेंत सेकंदास ३४३ मीटर. ४०० अंशांना तो ५२० होतो. वेग वाढला कीं लहर लांबते, आणि लहर लांबली कीं तेंच पिंप तिला आंखूड पडतें.

आम्हीं कागद घेतला, लॉग-कोष्टक काढलें आणि जुन्या सूत्रानें दोन्ही उदाहरणें सोडविलीं. थंड हवेचें उत्तर १६ आलें, चिरंजीवांचें होतें तसेंच. गरम हवेचें आलें १३. संगणकाला खरी उष्णता सांगतांच त्यानेंहि मिनिटाभरांत १३ म्हणून सांगितलें. तीन डेसिबल म्हणजे कांहींच नाहीं असें वाचकांनीं समजूं नये. त्याचा अर्थ असा कीं, आम्ही मातोश्रींना जेवढ्या आवाजाचें वचन देणार होतों, त्याच्या जवळजवळ दुप्पट शक्ति भिंतीपलीकडून आली असती. संगणकाचें गणित रतिभर चुकलें नव्हतें. त्याला जें सांगितलें त्याचें उत्तर त्यानें बिनचूक दिलें. खरी गोष्ट त्याला कोणीं सांगितलीच नव्हती, इतकेंच.

आमची मान थोडी ताठ झाली होती. ती दुसऱ्याच दिवशीं खालीं आली. मीटरभराच्या पिंपाला २६०, ५२०, ७८० व १०४० कंपनांवर तीं 'उघडीं दारें' होतीं, आणि एंजिनाचे २५०, ५००, ७५० हे स्वर त्यांच्या अगदीं उंबऱ्याशीं. यावर उपाय ठरलेला आहे. आंत येणारी नळी पिंपांत निम्म्यापर्यंत, म्हणजे ५० सेंटिमीटर, आणि बाहेर जाणारी चतुर्थांश, म्हणजे २५ सेंटिमीटर, आंत घुसवावयाची. त्यायोगें पहिलीं तीन दारें बंद होतात व चौथें तेवढें उरतें. आम्हीं तीच मापें कागदावर लिहून दिलीं. संगणक म्हणाला, नाहीं, दोन्ही नळ्या सेंटिमीटरभर आंखूड हव्यात. आम्हीं ठासून सांगितलें, यंत्र चुकतें आहे. निम्में म्हणजे निम्में.

तेव्हां चिरंजीवांनीं हळूच विचारलें, "काका, शाळेंत पाण्याच्या नळींत कंपनकांटा धरून आवाजाचा वेग काढतात, तेव्हां नळीच्या लांबींत तुम्ही कांहीं मिळवीत होतां ना?" आणि आम्ही वरमलों. विज्ञानाचे शिक्षक रजेवर असतां तो प्रयोग आम्हीं स्वतः मुलांकडून करवून घेतला होता. नळीच्या तोंडाशीं हवा थांबत नाहीं. तिचा श्वास थोडा बाहेर डोकावतो, म्हणून आवाजाच्या हिशेबीं नळी असते त्याहून किंचित लांब. ती किती लांब, हें पिंपाच्या आंत तोंड, व्यास व पत्र्याची जाडी यांवर अवलंबून असतें. आमचें सूत्र तें सांगूं शकत नव्हतें. तुकड्यांचें गणित सांगत होतें, कारण तोंडाशीं लाट कशी फांकते तें त्याला ठिपक्या-ठिपक्यानें दिसत होतें. त्यांनीं तेथले तुकडे आणखी बारीक करून पुन्हां सोडविलें. उत्तर हललें नाहीं. लहरीच्या एका लांबींत निदान सहा तुकडे हवेत असा त्यांचा दंडक आहे, आणि तुकडे बारीक केल्यावर उत्तर बदलूं लागलें तर तें उत्तरच नव्हे, असें ते म्हणाले. हा पडताळा आम्हांस मनापासून आवडला.

तरीहि पुष्कळ गोष्टी या गणिताबाहेर राहतातच. धूर पुढें जातां जातां निवतो, पत्रा स्वतः थरथरून आवाज काढतो, वेगानें जाणारा वायु कोपऱ्यांवर फूत्कारतो. शिवाय १३ डेसिबल ही झाली मफलराची स्वतःची करामत. तो एंजिनाला जोडल्यावर मागची-पुढची नळी किती लांब यावर ती कमीजास्त होते. म्हणून कारखान्यानें एक नमुना बनवून तपासला, धुराला होणारा अडथळा एंजिनवाल्यांच्या मर्यादेंत असल्याची खात्री केली, आणि कार्यालयाच्या चालकांच्या संमतीनें वैशाखांत तो जुन्या सायलेन्सरच्या पुढें बसविला. मोजणी करतांना चिरंजीवांनीं 'ए' माप बाजूला ठेवून ५० कंपनांचा स्वर निराळा मोजला. घट आली, गणिताइतकी नव्हे, पण त्याच्या जवळपास.

त्या रात्रीं लग्न मोठें होतें आणि वीज दोन तास गेली. आम्ही मातोश्रींच्या खोलीच्या दाराशीं खुर्ची टाकून बसलों होतों. त्या जाग्या होत्या. आम्हीं मोठ्यानें विचारलें, "आई, घुमतंय का अजून?" त्यांनीं थोडा वेळ कान दिला, म्हणजे छातीवर हात ठेवला, आणि म्हणाल्या, "आहे. पण लांब गेलंय. वेशीपलीकडे गेल्यासारखं." मग कुशीवर वळल्या. वीज येण्यापूर्वींच त्यांचा डोळा लागला होता.

वाचकांस आमचें सांगणें दोनच गोष्टींचें आहे. आपल्या घरचे मुलगे-मुली आतां अशा विद्या शिकून येतात व रंगीत चित्रें दाखवितात. तीं पाहून भुलूं नये आणि नाकहि मुरडूं नये, मायेनें एवढेंच विचारावें कीं, "बाळ, यांत तूं काय गृहीत धरलेंस?" हा प्रश्न विचारण्यास पदवी लागत नाहीं. आणि घरांतील म्हातारें माणूस कांहीं जाणवतें म्हणून सांगेल, तर मोजमापांत तें दिसत नाहीं एवढ्यावरून त्याला वेड्यांत काढूं नये. आपलें माप कोठें बहिरें आहे तें आधीं पाहावें.

असो. चिरंजीवांनीं आपल्या वहीच्या पहिल्या पानावर 'धूर गरम असतो' असें ठळक अक्षरांत लिहून ठेविलें आहे. आम्हीं आमच्या रोजनिशींत त्याच तारखेस लिहिलें आहे : 'आई खरें सांगत होती.'